तेरा नंबरचं हसू

साऊंडवालीला तो आधी ऐकू आला, दिसला मागाहून.

हॉलमध्ये चाळीस माणसं पडद्याकडे तोंड करून बसली होती आणि पडद्याखालच्या काचेमागे ती, कानाला हेडफोन लावून. सिनेमा गमतीचा होता. आजची एक मुलगी टीव्हीत शिरते आणि जुन्या मालिकेतल्या आदर्श कुटुंबात जाऊन पडते. तिथे बाबा झोपतानाही कोट काढत नाहीत, आईचा पाव कधी करपत नाही आणि कुणी काहीही बोललं की न दिसणारे प्रेक्षक खो-खो हसतात. ते हसू पुरवायला ही चाळीस माणसं बोलावली होती. एकोणचाळीस जण वेळेवर हसले. मग, सगळं शांत झाल्यावर — हा हा हा!

"तेरा नंबर," ती माइकवरून म्हणाली, "विनोद कळायला वेळ लागतो का?"

"कळतो हो लगेच," तेराव्या खुर्चीतला उंच माणूस म्हणाला. "पटायला वेळ लागतो."

रोज हेच. चहाच्या सुट्टीत त्याने विचारलं, "तुमच्या घरी होतं का असं? वीस मिनिटांत मिटणारं भांडण?"

"आई-बाबा तीन वर्षं माझ्यामार्फत बोलत होते. 'बाबांना सांग, ताट वाढलंय.' बाबा समोरच बसलेले!"

"मग तुम्ही काय करायचात?"

"सांगायचे. एक शब्द इकडचा तिकडे नाही."

दुसऱ्यांचा आवाज पोचवायचा, आपण मध्ये पडायचं नाही, हे तेव्हापासून तिच्या अंगवळणी पडलं होतं. कामात त्याचा फायदाच झाला. बाकी कशात झाला नाही.

शेवटच्या दिवशी दिग्दर्शक वैतागला. "ताई, आज ते हसू उशिरा आलं तर त्याला घरी पाठवा."

तिने तेरा नंबरला बाजूला घेतलं. "पडद्याकडे नीट बघत जा हो."

"मी पडद्याकडे बघतच नाही."

"मग?"

"काचेमागे एक बाई बसतात. विनोद झाला की त्या आधी आवाज मोजणाऱ्या मशीनचा काटा बघतात... मग कुठे जरासं हसतात. त्या हसल्या की मला हसू आवरत नाही."

तिने जागेवर परत जाऊन खुर्ची फिरवली आणि काचेकडे पाठ करून बसली. हसू अगदी वेळेवर आलं. दिग्दर्शक खूश! तिने ते पुन्हा ऐकलं. त्यात एकोणचाळीसच जण होते. तिला ते फार सुनं सुनं वाटलं.

"अजून एकदा घेऊ," ती म्हणाली.

"का? झकास झालंय की!"

"मला हवंय."

तिने खुर्ची परत काचेकडे वळवली. पडद्यावर बाबांनी नुसता कप उचलला होता, विनोद अजून यायचा होता. तिने तेरा नंबरकडे पाहिलं. तो बघतच होता. आणि ती हसली... काट्याकडे न बघता, मनापासून.

हा हा हा!

"अरे, विनोदाच्या आधीच?" दिग्दर्शक ओरडला. "चूक कुणाची?"

"माझी." माइक सुरूच होता, चाळीसच्या चाळीस जण ऐकत होते. "ते माझ्याकडे बघून हसतात. आणि मला ते फार आवडतं."

कुणीच हसलं नाही. तेरा नंबर खुर्चीतून उठला, काचेपाशी आला.

"सुटल्यावर... भेटाल?"

"भेटेन," ती म्हणाली. "पण उशीर करायचा नाही."