जाणं आणि येणं

"मॅडम, ह्यो शब्द खोडा."

मी मान वर केली. समोर उंच तरुण... शर्टावर डिझेलचा डाग, डोळ्यांत हसू.

पालीच्या शाळेत मी नुकतीच रुजू झाले होते. आईबाप ऊसतोडीला गेले तरी मुलं गावातच शिकावीत, म्हणून वसतिगृहाचे अर्ज भरत होते. टोळीचा ट्रॅक्टर चालवणारा जालिंदर भाचीचा अर्ज घेऊन आला होता.

"कोणता शब्द?"

"स्थलांतरित. आमी कारखान्याला जातो."

"अर्थ तोच. हंगामापुरतं दुसरीकडं जाणं."

"ह्यात जाणं हाय. येणं कुटं हाय?"

"पाखरं परत येतात, तरी त्यांना स्थलांतरितच म्हणतात."

"मंग पाखरांनाबी इचारा!"

मी हसले... आणि शब्द तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी तो आधार कार्डाची प्रत घेऊन हजर.

"काल दिलीत की!"

"ती पुढली बाजू व्हती."

मग फोटो, मग दुसरा फोटो. अर्ज कधीच पूर्ण झाला होता. मीही ते सांगितलं नाही.

दसरा झाला. सकाळी त्याचा ट्रॅक्टर शाळेसमोर थांबला. ट्रॉलीत भांडीकुंडी, माणसं, अन् वर बसलेली त्याची आई, केशरबाई.

"निघालो, तेजश्री मॅडम."

"रविवारी मला बघायला पाहुणे येतायत."

त्याचा चेहरा उतरला. "चांगलं हाय. माज्यासंगं फडावर पाचटाच्या कोपीत ऱ्हावं लागंल, म्हनून मी—"

"कोपीत कोण राहतंय? माझी नोकरी आहे इथं. तुम्ही जा, हंगाम संपला की या. मला चालतंय. पण मला न विचारता तुम्हीच कसं ठरवलं?"

"मंग... इचारू?"

"मला नको. माझं ठरलंय. आमच्या दादांना, वडलांना विचारा. इथंच गावात घर आहे आमचं. आत्ता."

"आत्ता? समदी टोळी खोळंबलीय..."

"खोळंबू दे की!" वरून केशरबाई कडाडल्या. "पंधरा दिस झालं, रोज कागद घेऊन पळतंय. मला काय कळत न्हाई व्हय?"

ट्रॉलीत हशा पिकला. जालिंदर लाजून लाल झाला. त्यानं किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं.

केशरबाई चाकावर पाय देत खाली उतरल्या. पदर नीट केला, माझा हात धरला.

"चल गं पोरी, घर दाव."