नहरीत घेतलेलं नाव

एकोणीसशे पंचावन्न सालचा भादवा. पोलीस ॲक्शनला सात वर्षं झाली होती. औरंगाबादेत पाट्यांवर उर्दू आणि मराठी अजून शेजारी शेजारी नांदत होत्या.

बेगमपुऱ्याच्या मागं, डोंगराच्या उतरणीवर, मल्हारी धनगराचं दोन खणांचं घर होतं. घरात तिघंच माणसं: मल्हारी, त्याची आई सुगंधाबाई आणि नव्या लग्नाची बाना. घराखाली मेंढ्यांचा वाडा, त्याखाली गल्ली आणि सगळ्यात खाली खाम. एरवी त्या खामला नदी म्हणायला जीभ रेटत नसे. बायका लुगड्याचा काठ न भिजवता ती ओलांडत. त्या भादव्यात मात्र पाऊस उतरला तो उघडीप विसरूनच गेला. डोंगर ढगात बुडाला, दगडी कुंपणांतून झरे फुटले, आणि सकाळ-दुपार-सांज यांना एकच पिवळट, भिजका उजेड उरला. बाना सुपल्यानं घरातलं पाणी उपसायची आणि उपसता उपसता तिला वाटायचं, आपण हे सगळं झोपेतच करतो आहोत.

मल्हारी सकाळीच लोकरीचं गाठोडं घेऊन पलीकडं, शहागंजात गेला होता. दुपारी खामचं पाणी पुलावर चढलं. गल्लीतली माणसं कट्ट्यावर उभी राहून बघत होती. मागच्याच पुरात त्या पुलावरून एक धट्टाकट्टा माणूस सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेला होता.

"त्यो थांबायचा नाय," सुगंधाबाई म्हणाल्या. मेंढ्या वरच्या अंगाला हाकलताना ओरडून ओरडून त्यांचा घसा पार बसला होता, नुसती हवा येत होती. "नवी बायको घरात म्हणून पाण्यात उडी घालंल माजं येडं."

"मग काय करायचं, आत्या?"

म्हातारीनं नुसतं घराच्या बाजूला बोट दाखवलं. तिथं नहरीचं तोंड होतं. डोंगरातलं पाणी जमिनीखालून शहरात नेणारी जुनी नहर. तिच्यावर जागोजागी विहिरीसारखी बांधलेली तोंडं होती. ही नहर खामच्या पोटाखालून जाऊन शहागंजाच्या मशिदीतल्या हौदाला मिळते, आणि इथं ओरडलेलं तिथं घुमतं, असं सगळेच सांगत. मल्हारीचा तर शिरस्ता होता, लोकर विकली की त्या हौदाशी बसून भाकरी खायची.

बाना दगडावर ओणवी झाली. आतून गार वाफ तोंडावर आली. तिनं साद घातली, "अवं! ऐकलं का! अवं!"

म्हातारी कपाळावर हात मारून घोगऱ्या आवाजात हसली. "आगं, 'अवं' म्हणून बोंबललीस तर शहागंजातले समदे नवरे पळत येतील! नाव घे त्याचं."

बाना लाजेनं लाल झाली. लग्नातला उखाणा सोडला तर नवऱ्याचं नाव तिनं कधी तोंडावाटे काढलं नव्हतं. त्यांच्यात कोणीच काढत नसे.

शेजारची रुकय्याबी डोक्यावर गोणपाट घेऊन येत होती. तिचा नवरा निजामाच्या वेळी नहर साफ करायला आत उतरायचा. "नक्को गे बेटी," ती म्हणाली. "हमारे मियाँ अंदर दगड बजाते थे. नाम नई लेते थे कभी. आवाज दे, नाम नक्को दे."

"का पर?"

"मेरेकू क्या मालूम! नई लेते थे, बस."

खाली पुलावरून एक आख्खं झाड फिरत फिरत गेलं. बानानं ते पाहिलं. तिनं डोळे मिटले आणि सगळा जीव गोळा करून नहरीत हाक मारली, "मल्हारी! पुलावर येऊ नगा! मल्हारी!"

"ओ."

लगेच. घुमलेली नव्हे, लांबचीही नव्हे. माणूस हातभर अंतरावरून देतो तशी ओ.

तिला रडूच फुटलं. ऐकलं म्हणजे थांबेल, वाचला.

दिवेलागणीला दारात मल्हारी उभा होता.

नदीकडून नव्हे, डोंगराकडच्या वाटेनं आला होता. अंगावर पावसाचा थेंब नव्हता. खांद्यावरची घोंगडी कोरडी होती.

"कुणीकडून आलात?" बानानं विचारलं.

"तू बोलावलंस ना, बाना," तो हसून म्हणाला.

मल्हारीनं तिला नावानं कधी हाक मारली नव्हती, 'आगं' म्हणायचा. आज मी नाव घेतलं म्हणून यांनीही घेतलं, असं तिला वाटलं, आणि त्या आनंदात बाकीचं काही विचारायचं राहून गेलं. त्यानं दोन भाकरी खाल्ल्या. पाण्याचा तांब्या जागचा हलला नाही.

"लेकरा," सुगंधाबाई चुलीपासून म्हणाल्या. तो जेवत राहिला. "आरं लेकरा." तो जेवत राहिला. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "मल्हारी."

त्यानं लगेच मान वळवली.

म्हातारी उठली आणि मेंढ्यांत जाऊन बसली.

सकाळी पाऊस थांबला होता. बाना जागी झाली तेव्हा शेजारचं अंथरूण रिकामं होतं, गार होतं.

पूल उघडा पडला, तसा मल्हारी आला. चिखलानं माखलेला, भिजून जड झालेली घोंगडी ओढत, दोनदा शिंकत.

"मशिदीच्या ओट्यावर रात्र काढली," तो म्हणाला. "निघालो व्हतो पुलाकडं. हौदाशी घोटभर पाणी प्यायला वाकलो, तर तुजा आवाज. माजं नाव." तो थांबला. "मी ओ द्यायला तोंड उघडलं."

"मग?"

"माज्या आदी कुणी तरी दिली. माज्याच आवाजात. पाय उचललाच नाय बग पुढं."

बानानं सासूकडं पाहिलं. सासूनं तिच्याकडं. रात्री घरात कोण जेवून गेलं, ते दोघींपैकी कोणीच सांगितलं नाही.

पुढच्या ज्येष्ठात बानाला मुलगा झाला. सूर्यभान नाव ठेवलं. सुगंधाबाईंनी पाळण्याची दोरी ओढली, पण नातवाला मांडीवर कधी घेतलं नाही. पोर चालायला लागायच्या आत त्या गेल्या. रुकय्याबी मुलाकडं हैदराबादला गेली, ती परत आली नाही. मेंढ्या विकून मल्हारी गिरणीत लागला. पोरावर त्याचा जीव होता. म्हातारा होऊन, अंथरुणाला न खिळता गेला. बानाबाई त्याच्यामागं पुष्कळ जगल्या. नातवंडांना त्या सगळ्या गोष्टी सांगत, ही सोडून. नहरीचं तोंड बुजवून त्यावर रस्ता झाला.

सूर्यभान आता सत्तरीला टेकलाय. सिडकोत लेकाजवळ राहतो. सालस माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त पावसाची झड लागली की अर्ध्या ताटावरून उठतो, वहाणा घालतो आणि दार उघडं ठेवून उंबऱ्याशी बसतो.

"मामा, कुठं निघालात?" सुनेनं एकदा विचारलं.

"अजून कुठं नाही," तो म्हणाला. "हाक आली की."