फेकून दे म्हटलेल्या तीन नळ्या

माझी आणि त्याची पहिली भेट चार अंश सेल्सिअसला झाली. प्रयोगशाळेच्या शीतखोलीत. त्याच्या एका हातात कचऱ्याची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात माझी बाटली.

"ही तुमची?" त्याने विचारलं. दात वाजत होते, कारण साहेब नुसत्या टी-शर्टवर आत आले होते.

"माझीच."

"नाव नाही, तारीख नाही. नियमाप्रमाणे बेवारस."

तो वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेतला. त्यांची शीतखोली बिघडली म्हणून महिनाभर आमच्याकडे आश्रयाला आला, आणि आल्या आल्या त्याने साफसफाई काढली. पाहुण्याने घरच्यांची भांडी भंगारात काढावीत तसं. मी बाटलीवर नाव लिहिलं, तारीख लिहिली, आणि त्याच्याकडे असं बघितलं की खोली आणखी दोन अंशांनी उतरली असावी. तो हसला. मग... मग काय झालं ते नीट आठवत नाही, पण त्या दिवसापासून माझ्या पेनाला टोपण नव्हतं.

माझं काम आईला सांगते तसंच सांगते. पेशीत टाकाऊ प्रथिनांचे तुकडे करणारं एक यंत्र असतं – प्रोटिएसोम. आजाराची चाहूल लागली की पेशी त्याची काही पाती बदलते. त्यातलं एक पातं मला शोधायचं होतं. त्यालाच नेमकी जाऊन चिकटणारी अँटिबॉडी इवल्याशा कुपीत मिळते. तिच्यावर दुसरी अँटिबॉडी बसवायची, ती उजळते, आणि पडद्यावर काळी पट्टी दिसते. एवढं सगळं ऐकून आई विचारते, "आणि जेवलीस का?"

पट्टी दिसत नव्हती. दोन आठवड्यांत तीन वेळा पडदा कोरा. शुक्रवारी माझ्या पीएच.डी.ची समिती बसणार होती. पट्टी दाखवली तर याच विषयावर पुढचं वर्ष, नाही तर माझ्या मार्गदर्शक मॅडम मला यीस्टच्या कामावर टाकणार होत्या. यीस्टशी माझं वैर नाही, पण त्याच्याशी संसार करायचा नव्हता.

प्रत्येक कोऱ्या पडद्याच्या वेळी तो नेमका खालीच असायचा. वरच्या मजल्यावरच्या माणसाला खाली एवढं काम कसं, हे मी विचारलं नाही. मी हल्ली दार उघडं का ठेवते, हे त्यानेही विचारलं नाही. वापरून झालेल्या अँटिबॉडीची नळी मी त्याच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, फेकून दे. 'तुम्ही'चं 'तू' दुसऱ्या पडद्याला झालं होतं. दुःखात औपचारिकता टिकत नाही.

मंगळवारी कुपी संपली. बुधवारी मी कंपनीला तक्रारीचं पत्र लिहायला बसले. तो शेजारी बसून माझी भाषा सौम्य करत होता. 'नराधम' हा शब्द त्यानेच काढायला लावला.

"अँटिबॉडी कुठल्या प्राण्यात बनवलीय तेही लिही," तो म्हणाला. "तक्रारीत लागतं."

मी माहितीचा कागद बघितला. "ससा."

"आणि तुझी दुसरी अँटिबॉडी कुठल्या प्राण्यात बनलेल्या पहिलीला ओळखते?"

मी दुसरी बाटली फिरवून वाचली. उंदीर.

मी बाटली हळूच भिंतीकडे तोंड करून ठेवली.

"म्हणजे दोन आठवडे तू सशाला..."

"बोलू नकोस."

"...उंदीर म्हणून हाका मारत होतीस. तो बिचारा ओ देणार कसा?"

सशाला ओळखणारी बाटली फळीवर शेजारीच होती, तिथे माझ्याकडे बघत. पण पहिलीचा आता थेंब नव्हता, आणि नवी यायला सहा आठवडे. यीस्ट मला दुरून हात करताना दिसू लागलं.

तो उठला. कान लाल झाले होते. "रागावणार नसशील तर..." असं अर्धवट बोलून वर गेला, आणि बर्फाच्या डब्यात तीन गोठलेल्या नळ्या घेऊन आला. प्रत्येकीवर माझं नाव, तारीख, आणि खाली बारीक अक्षरात –

'सोमवार. म्हणाली, हे नळाचं पाणी आहे.'

'शुक्रवार. रडली नाही. नाक मात्र लाल.'

'मंगळवार. फेकून दे म्हणाली. नाही फेकलं.'

"का ठेवल्यास?"

"वापरलेली पुन्हा चालते कधीकधी. काटकसर." तो बर्फाशी बोलत होता. मग हळूच... "तू हातात दिलेलं फेकवत नव्हतं."

गुरुवारी दुपारी पडद्यावर ती आली. आजाराची चाहूल दिलेल्या पेशींच्या रांगेत ठसठशीत काळी पट्टी, न दिलेल्यांत कोरं. मी त्याचा हात घट्ट धरला. दोघांनाही हातमोजे, स्पर्श म्हणावा तर रबराचा, तरी कोपरापर्यंत झिणझिण्या. दुसऱ्या हाताने आईला फोन लावून सांगितलं, पट्टी दिसली.

"दिसायला कशी आहे गं?"

माझी नजर पडद्यावर नव्हती. "उंच," मी म्हणाले. "कान लाल."

आईने लगेच विचारलं, "जेवतो का वेळेवर?"

शुक्रवारी समितीने वर्ष दिलं. मी धावत शीतखोलीत गेले. आज त्याने कोट घातला होता. मी एक लेबल लिहिलं आणि त्याच्या खिशावर चिकटवलं – 'माझा. फेकू नये.'

त्याने मान वाकवून दोनदा वाचलं. "तारीख राहिली," तो म्हणाला. "नियमाप्रमाणे मी अजून बेवारस."

मी तारीख टाकली. पेन बंद करायला गेले तर टोपण कुठलं... त्याने खिशात हात घातला आणि काढून दिलं. माझंच.

त्यावर पहिल्या दिवसाची तारीख होती.