तीन कॅबिनेट आणि लाल डाग

"शी! शी! शी! हे काय आहे?" सार्थक दोन पावलं मागे उडाला.

हर्षालीने कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं झाकण नुकतंच उघडलं होतं. आत धुळीचा जाड थर, त्यात मेलेली झुरळं आणि या सगळ्यावर वाळलेलं, चिकट, लालसर काहीतरी. वास तर असा, की प्रीतमने शर्टच नाकाला धरला.

"तंबाखूचा मावा!" तो म्हणाला. "कुणीतरी कॉम्प्युटरवर थुंकलंय!"

काळेवाडीच्या अभ्यासिकेतले तिन्ही कॉम्प्युटर बिघडले होते. "पोरांनी गेम खेळून वाटोळं केलं!" अभ्यासिका चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष यशवंतराव गरजले होते. "रविवारी भंगारात घाला. आन् पोरांना इथं यायचं काम न्हाई!"

चाकणच्या कंपनीत काम करणारी योगिनीताई सुट्टीच्या दिवशी इथे मुलांना कॉम्प्युटर शिकवायची. तिने रविवारपर्यंतची मुदत मागून घेतली. "दुरुस्ती मुलंच करतील," ती म्हणाली. तिघांपैकी कुणी याआधी साधा स्क्रूही काढला नव्हता!

"उघडण्याआधी काय केलंत?" ताईने विचारलं.

"प्लग काढला. मग बटण दाबून धरलं, आत उरलेली वीज जावी म्हणून," हर्षाली म्हणाली.

"आणि आता ओकारी येतेय," सार्थक पुटपुटला.

"हातमोजे घाल आणि ब्रश घे. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकी उडते."

"अजून थुंकी? नको गं ताई!"

पहिला कॉम्प्युटर दहा मिनिटांत आपोआप बंद पडायचा. हर्षालीने आतल्या पंख्याला बोट लावलं. तो हलेचना! पाती चिकटून बसली होती. कापसावर स्पिरिट घेऊन तिने एकेक पातं पुसलं. प्रत्येक बोळा लालकाळा होत होता आणि ती नवा घेत होती. शेवटी पंखा गरगरला. तासभर झाला, तरी कॉम्प्युटर चालूच!

दुसरा नुसताच टीं टीं ओरडायचा. "ही रॅमची, म्हणजे मेमरीच्या पट्टीची तक्रार," ताईने सांगितलं. प्रीतमने ती पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबराने घासल्या आणि खट्कन परत बसवली. स्क्रीन उजळली!

तिसरा मात्र उठला नाही. थुंकीने त्याचा आतला मुख्य बोर्डच खाऊन टाकला होता.

"हा मेला," हर्षाली म्हणाली. तिला रडू यायला लागलं होतं आणि रागही. "कुणाच्या तरी घाणेरड्या सवयीमुळे! आणि नाव आमचं!"

"पण आत गेलं कसं?" प्रीतमने मान वर केली. तिन्ही कॅबिनेट खिडकीखाली ठेवलेली होती. गजांवर, चौकटीवर, सगळीकडे लाल शिंतोडे! "अरे, कुणीतरी खिडकीतून बाहेर थुंकतं आणि थुंकी गजांना आपटून खाली येते!"

"खिडकीशी मावा खात बसतं कोण? आपल्यात तर कुणी खात नाही," सार्थक म्हणाला.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिथे दर शनिवारी मंडळाची बैठक भरायची!

शनिवारी त्यांनी दुरुस्त कॉम्प्युटर दूर हलवले. खिडकीखाली फक्त बिघडलेला ठेवला आणि त्यावर पांढराशुभ्र कागद चिकटवला. मग ताईसोबत पुस्तकं लावत कोपऱ्यात थांबले.

"या पोरांना वस्तूंची किंमत न्हाई," यशवंतराव बोलत होते. "आमी सांगतो..." बोलता बोलता त्यांनी खिडकीकडे तोंड वळवलं.

पच्च!

"बघा! बघा!" सार्थक किंचाळला. पांढऱ्या कागदावर लाल ओघळ उतरत होता.

"आमची पिचकारी तर नेम धरून बाहेर जाते..." यशवंतराव गडबडले.

"काका, एकदा आत बघा," म्हणत हर्षालीने कॅबिनेटचं झाकण काढलं. "असली घाण आम्ही हाताने पुसलीय."

यशवंतरावांनी वाकून पाहिलं. वास आला तसं त्यांनी तोंडावर उपरणं दाबलं. "शी! ही... ही आमची घाण हाय?"

"व्हय," प्रीतम म्हणाला.

यशवंतरावांनी खिशातली माव्याची पुडी काढून कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि हात पुढे केला. "आणा तो बोळा. खिडकी आमीच पुसतो. पोरांनो, उगाच तुमच्यावर आळ घेतला. चुकलं."

मंडळातल्या शालनबाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी दोन्ही कॉम्प्युटर सुरू करून पाहिले आणि अभ्यासिकेची किल्ली योगिनीताईच्या हातात ठेवली. "वर्ग दर सुट्टीला भरू दे. इतकी घाण बघूनही मुलं पळाली नाहीत. मोठ्या माणसांना जमलं नसतं ते यांनी केलं!"

तिघांचे चेहरे फुलले. तरी घरी गेल्यावर प्रत्येकाने चार वेळा साबण लावून हात धुतले आणि सार्थकने तर रात्री टोमॅटोचं सार प्यायला साफ नकार दिला!