मागच्या पानावरची केझाया

खोटं सांगायची मला सवय नाही. ज्याला हे खोटं वाटेल त्यानं इथंच थांबावं. माझं काही अडत नाही.

आणि हे रात्री-बेरात्री घडलेलं नाही. १९७४ सालचा नोव्हेंबर, गुरुवार, दुपारचे तीन. इंग्लंडातल्या नॉरफक परगण्यात आमच्या हॅरलथॉर्प गावचं चर्च.

घडलं ते माझ्या धाकट्या बहिणीच्या, एनिडच्या बाबतीत. एनिड शिकलेली. मी बाराव्या वर्षी शाळा सोडून दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात लागले. पण डोळे दोघींनाही सारखेच होते, आणि शेवटी जे पाहिलं ते दोघींनी पाहिलं.

सुरुवात मीच करून दिली, हे आधीच सांगते.

एनिडची मुलगी जिल. तिला लग्नानंतर सात वर्षांनी मुलगी झाली. लग्नाच्या केकचा वरचा मजला पहिल्या बाप्तिस्म्यासाठी जपून ठेवायची आमच्यात रीत आहे. जिलचा केक, ब्रँडीत मुरवलेल्या सुक्या मेव्याचा, वर्षानुवर्षं टिकणारा, सात वर्षं डब्यात पडून होता. डबा दिसला की पोरीचे डोळे भरायचे. म्हणून हा बाप्तिस्मा थाटात करायचा होता.

त्यात शेजारच्या मिसेस पॉलिटनं भर दुकानात विचारलं, "तुम्ही लार्टर मंडळी रेल्वेबरोबर आलात ना इथं?"

म्हणजे आम्ही उपरे! माझं टाळकं फिरलं. मी म्हटलं, "आम्ही रेल्वेबरोबर नाही आलो. रेल्वे आमच्या दारात आली."

घरी येऊन एनिडला सांगितलं, "चर्चच्या जुन्या वह्या काढ. आपलं घराणं किती जुनं आहे ते मोठ्या कागदावर मांड. बाप्तिस्म्याच्या चहाला भिंतीवर लावू. त्या बयेला चष्मा लावून वाचू दे."

एनिड कामाला लागली.

चर्चच्या मागच्या खोलीत एक लोखंडी पेटी होती. त्यात चारशे वर्षांच्या वह्या. गावात कोण जन्मलं, कुणाचं लग्न झालं, कोण मातीत गेलं, सगळं त्यात. किल्ली बर्ट गुडरमकडे. घंटा वाजवणारा तोच आणि खड्डे खणणाराही तोच.

"काय एनिडबाई, आज कुणाला उठवताय?" तो रोज विचारायचा.

"तुमच्या घराण्यानं पुरलंय त्यांनाच, बर्ट."

"सांभाळून हं. आम्ही खोल पुरतो."

पाद्रीसाहेबांनी मात्र पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "एनिडबाई, नाव सापडलं की लगेच वंशवृक्षाच्या फांदीवर चढवू नका. लहानपणी गेल्याची नोंद नाही ना, ते आधी बघा. त्या काळी मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव द्यायचे. दोघांत गल्लत होते."

एनिडला सापडलं ते नाव असं. मार्च १७३१. केझाया, जॉन आणि अ‍ॅन लार्टर यांची मुलगी. पुढं तिचं लग्न सापडलं, चुलतभावाशीच, म्हणून आडनाव तेच राहिलं. आठ मुलं. तिसऱ्या मुलापासून आम्ही.

जिलला नाव फार आवडलं. "आई, हेच ठेवायचं. केझाया."

आता पुरल्याची नोंद बघायची राहिली. त्या वहीत पुढून बाप्तिस्मे लिहिलेले होते. वही उलटी केली की मागून पुरल्याच्या नोंदी. पण मागची पानं ओलीनं एकमेकांना चिकटलेली.

एनिडनं ती सोडून दिली. बाप्तिस्म्याला पंधराच दिवस राहिले होते आणि मी मागं लागले होते.

तिनं मोठ्या कागदावर शाईनं लिहिलं. केझाया, १७३१. बाजूला नवरा. खाली आठ मुलं.

त्याच संध्याकाळी…

जिलची मुलगी रडायची थांबली.

लहान मूल थोडा वेळ गप्प बसलं की बरं वाटतं. पण हे थोड्या वेळाचं नव्हतं. भूक लागली तरी नाही. दुपटं ओलं झालं तरी नाही. डॉक्टर म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे, नशीबवान आहात.

जिल म्हणाली, "आई, ही माझ्याकडे बघत नाही. माझ्या मागं बघते."

एनिडनं बाळाची मूठ उघडली. आत लोकरीचा पुंजका होता. न धुतलेली, पिवळट, मेंढीच्या वासाची लोकर.

"शालीची असेल," जिल म्हणाली.

शाल सुती होती.

एनिडनं पुंजका चुलीत टाकला. दुसऱ्या दिवशी मुठीत परत तेच.

बाप्तिस्म्याला तीन दिवस होते. गुरुवारी दुपारी एनिड लोणी लावायची सुरी पिशवीत घालून चर्चमध्ये गेली. पानं सोडवायचीच, असं ठरवून.

बर्टनं पेटी उघडून दिली आणि तो बाहेर पाचोळा ओढायला गेला. दाताळ्याचा आवाज येत होता. खर्र… खर्र… झाडांवर कावळे ओरडत होते.

एनिडनं सुरीचं टोक दोन पानांमध्ये घातलं. हळूहळू सरकवलं.

आणि मग…

दाताळं थांबलं.

कावळे थांबले.

कानात कापूस घालावा तसं सगळं बंद.

त्या शांततेत एनिडला श्वास ऐकू आला. छोटा, भरभर. झोपलेल्या तान्ह्या मुलाचा असतो तसा. तो चर्चच्या दारापाशी असलेल्या दगडी कुंडाकडून येत होता, जिथं बाप्तिस्म्याचं पाणी भरतात.

"बर्ट?" तिनं हाक मारली.

श्वास थांबला. जणू कुणी ऐकत होतं.

ओल्या लोकरीचा वास आला.

तिच्या हाताखाली पान सुटलं. तपकिरी, उडालेली शाई. तिनं वाचलं.

केझाया, जॉन आणि अ‍ॅन लार्टर यांची तान्ही मुलगी. वय पाच आठवडे. लोकरीत पुरली.

तेव्हा कायदाच होता. मढं लोकरीतच गुंडाळायचं.

एनिडनं वही सुलटी केली. १७३३ साली तेच आईबाप, दुसरी मुलगी. नाव केझाया. लग्न झालं ते हिचं. आठ मुलं हिची.

आणि कागदावर एनिडनं नवरा, संसार, पोरंबाळं, सगळं त्या पाच आठवड्यांच्या पोरीच्या नावावर मांडलं होतं.

जिलची मुलगी रविवारी पाच आठवड्यांची होणार होती.

एनिड पळत बाहेर आली. बर्ट दाताळं ओढत होता. खर्र… खर्र…

"तुम्ही थांबला का होता मघाशी?"

"मी? पाद्रीसाहेबांनी बघितलं तर काय म्हणतील! हात नाही थांबला माझा."

ती तशीच माझ्याकडे आली. मी पावांसाठी पीठ मळत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं, "तारीख खोडून नीट लिही. झालं. रडतेस कशाला?"

तिनं पात्यानं खरवडून १७३१ काढलं, १७३३ लिहिलं. आम्ही जिलकडे गेलो. बाळ जागं होतं. गप्प. आमच्या मागं बघत.

"ताई," एनिड हळूच म्हणाली, "आपण त्या गेलेल्या पोरीला सगळं दिलं आणि परत काढून घेतलं. आता ती काय घेईल?"

"वेड्यासारखं बोलू नकोस."

"नाव बदलू या. नाहीतर रविवार पुढं ढकलू."

मी पुढं ढकलू दिलं नाही. तीस माणसं बोलावली होती. मिसेस पॉलिट येणार होती. हे मी लपवत नाही. त्या दिवशी मी हो म्हटलं असतं तर…

जिलही ऐकेना. "आई, तूच शोधलंस ना हे नाव?"

मग एनिडनं मला एकटीला कोपऱ्यात घेतलं. धर्ममाता तीच होणार होती. कुंडापाशी पाद्री मुलाला हातात घेतात आणि धर्ममातेला सांगतात, नाव सांगा. ती जे सांगेल तेच पडतं.

"मी रोझमेरी सांगणार," ती माझ्या कानात म्हणाली. "जिल रागावेल. रागावू दे. मूल तर राहील."

मी म्हटलं, "कर तुला काय करायचं ते."

हे नाव एनिडला ठाऊक आणि मला. तिसऱ्या माणसाला नाही.

रविवारी ऊन पडलं होतं. चर्च भरलं होतं. मी पहिल्या बाकावर, एनिडपासून चार हातांवर. पाद्रीसाहेबांनी बाळ घेतलं. ते त्यांच्याकडेही बघत नव्हतं. कुंडातल्या पाण्याकडे बघत होतं.

"या मुलीचं नाव सांगा."

एनिडनं तोंड उघडलं.

आवाज फुटला नाही. गळ्याच्या शिरा ताणल्या. डोळे मोठे झाले. तिनं माझ्याकडे बघितलं. पाण्यात बुडणारं माणूस काठाकडे बघतं तसं. मला उठायचं होतं. ओरडून सांगायचं होतं, रोझमेरी, रोझमेरी म्हणतेय ती. पण मी बाकाला शिवल्यासारखी झाले. जीभ टाळूला चिकटली.

एनिडचं तोंड मिटलं. ओठ घट्ट बंद झाले.

आणि बंद ओठांमधून…

"केझाया."

आवाज एनिडचाच होता. स्वच्छ, ठाम. ओठ हलले नाहीत. मी चार हातांवर होते.

पाद्रीसाहेबांनी पाणी घातलं. एकदा, दोनदा, तीनदा.

बाळ रडलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. सगळं चर्च हसलं. "चला, घसा उघडला एकदाचा!" मागून बर्ट म्हणाला.

फक्त जिल हसली नाही. तिनं मुलीला घेतलं, कान लावून ऐकलं आणि म्हणाली, "आई… हिचा आवाज असा नव्हता."

"वाढत्या वयात बदलतो गं," कुणीतरी म्हणालं.

चहाला केक कापला. मिसेस पॉलिटनं कागद वाचला आणि माझा हात दाबून म्हणाली, "किती ठणठणीत आवाजात नाव घेतलं तुमच्या बहिणीनं!"

मी केकची बशी तशीच खाली ठेवली.

सोमवारी सकाळी एनिड मला ओढत चर्चमध्ये घेऊन गेली. "तू वाच, ताई. मी वाचलंय. मला वाटतंय माझंच डोकं फिरलंय."

वही उलटी करून तिनं पान माझ्यापुढं धरलं. तिनं सुरीनं सोडवलेलं तेच पान. कडेला सुरीचा ओरखडा तसाच होता. मला भराभर वाचता येत नाही. बोट ठेवून एकेक अक्षर लावलं.

तीच तपकिरी शाई. तेच उडालेलं अक्षर. खाडाखोड नाही.

आईबापांची नावं नव्हती.

रोझमेरी. तान्ही मुलगी. वय पाच आठवडे. लोकरीत पुरली.

मी तीनदा वाचलं.

एनिड भिंतीला टेकून खाली बसली. "आपली कुठं गेली, ताई? आपली कुठं गेली?"

  मी वही मिटली, बहिणीचा हात धरला आणि घरी आले.

जिलला आम्ही कधीच सांगितलं नाही. काय सांगणार? तुझ्या मांडीवर आहे ती तुझी नाही, म्हणून? आणि सांगून परत कुणी दिलं असतं?

केझाया वाढली. आता तेवीस वर्षांची आहे. शहाणी आहे, दर रविवारी मला अंडी आणून देते, माझ्या बोलण्याला हसते. तिच्यात खोट काढायला जागा नाही. फक्त लोकरीचा कपडा ती अंगाला लावू देत नाही, अगदी जानेवारीतसुद्धा. मी विचारलं तर म्हणते, "गुदमरतं, आजी."

एनिड पाच वर्षांपूर्वी गेली. शेवटच्या आजारात तिनं एकच विचारलं. "तिथं कुणी असेल ना गं तिच्याजवळ?"

मी म्हटलं, असेल.

वह्या नंतर शहरातल्या सरकारी कचेरीत गेल्या. कुणी म्हणतं, जाऊन परत बघ. मी जात नाही. बर्टच्या पणजोबाच्याही आधी जे पुरलं, ते कुठं पुरलं हे आता सांगणार तरी कोण. चर्चच्या उत्तरेला नुसतं गवत आहे. दगड नाही, खूण नाही.

मी त्या गवतापाशी जाऊन उभी राहते. रोझमेरी हे नाव तोंडाशी येतं. पण मी ते मोठ्यानं घेत नाही. तिथं आजवर एकदाही घेतलेलं नाही.

मी हाक मारली, आणि खालून ओ आली, तर…

तर मी म्हातारी काय करणार आहे?