स्वप्नीलच्या वाट्याचा रोट

मोनाली, तो मोबाईल पालथा ठेव बरं. आणि नवीन, तू ओट्याच्या कडेला नको बसूस, जरा आत सरक. नाही, घाबरवत नाहीये. अजून सुरुवात तरी कुठं केली आहे?

भूपेंद्रला तुम्ही ओळखत नाही. धुळ्यातल्या देवपूरला माझ्या साडूच्या भिंतीला लागून त्याचं घर, आणि खाली पाण्यातल्या मोटारींचं जळालेलं वायंडिंग भरून द्यायचं दुकान. त्याच्या तोंडून मी हे दोनदा ऐकलं. दोन्ही वेळा एका अक्षराचा फरक पडला नाही. खोटं बोलणारा माणूस दुसऱ्या खेपेला तिखटमीठ लावतोच. यानं लावलं नाही, म्हणून माझा विश्वास बसला.

तारीख बारा ऑगस्ट दोन हजार चोवीस. सोमवार, श्रावण शुद्ध सप्तमी. आदल्या दिवशी घरोघरी कानबाई देवी बसली होती, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत पांझरा नदीवर नेऊन तिला निरोप दिला. भूपेंद्रचा धाकटा भाऊ स्वप्नील त्यासाठी पुण्याहून आला होता. सहा फुटाला दोन बोटं कमी, हसरा, कंपनीत कामाला. आठ वर्षांत पुण्याचं पाणी असं लागलं, की आईशीसुद्धा शुद्ध बोलायचा. त्यांची आई ताईबाई म्हणायची, "मन्हा पोऱ्या बातम्या वाची ऱ्हायना का काय?" पण म्हणताना तिचा चेहरा फुललेला असायचा. तिचा जीव होता त्याच्यात. भूपेंद्रचाही होता. बाप गेला तेव्हा स्वप्नील सातवीत होता, पुढं त्याला वाढवलं ते भूपेंद्रनंच.

रात्री साडेदहाची गाडी होती. दुपार रिकामी. स्वप्नील म्हणाला, "दादा, बैठकीच्या खडकावर जाऊन येऊ. सूर्यास्त बघू आणि उतरू. शाळेत असताना तू न्यायचास."

तो खडक धुळ्याहून चौदा किलोमीटरवर आहे. कोणत्या रस्त्यानं ते सांगणार नाही, नाहीतर उद्या तुम्ही दुचाक्या काढाल. चढ फार अवघड नाही. खाली सागाचं रान, मग मुरमाची घसरडी वाट, शेवटी उताराचा उघडा कातळ. तासाभराचं काम. वर एक लांबरुंद खडक पुढं आलेला आहे, त्यावर बसलं की अख्खं धुळं दिसतं. रविवारी तिथं पोरापोरींची जत्रा असते. सोमवारी कुत्रं नसतं.

निघताना ताईबाईनं डबा दिला. आत स्वप्नीलच्या वाट्याचा रोट.

आता आपल्याकडं रोट म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. तरी या नवीनच्या डोक्यात क्रिकेटशिवाय काही नसतं, म्हणून सांगतो. घरातल्या दर माणसामागं सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचा, त्याच्या पुरणपोळ्या करायच्या आणि कानबाईला दाखवून घरच्यांनीच खायच्या. परक्याला घास द्यायचा नाही. लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा नाही, मग बाकीच्यांचं काय! जो खाईल तो त्या घरचा, असा हिशेब. आणि भूपेंद्रच्या घराण्यात आणखी एक होतं. निरोपाच्या दिवशी सूर्य बुडायच्या आत रोट संपला पाहिजे. उरला तर घराला बाधतो.

स्वप्नीलच्या दोन पोळ्या उरल्या होत्या. दोन दिवस पुरण खाऊन त्याला वीट आला होता.

ताईबाई म्हणाली, "वर जाईसनी खाई टाक. दिन बुडाना आगोदर. आन कोणले कणभर बी देऊ नको."

"हो गं आई."

पावणेसहाला चढायला लागले. भूपेंद्र पंचेचाळिशीचा, पोट सुटलेलं, शुगर तीनशेच्या घरात. तो दर वळणावर थांबायचा आणि स्वप्नील वरून चिडवायचा, "दादा, मोटार गरम झाली का? पाणी मारू?" असं हसतखेळत दोघं पावणेसातला वर पोचले. श्रावण असून आभाळ मोकळं होतं. सगळा डोंगर हिरवागार.

खडकाच्या पार टोकाला एक माणूस बसला होता.

पाठमोरा. बुटका, अंगानं वाळलेला, डोक्याला पंचा. गुडघे पोटाशी घेऊन धुळ्याकडं तोंड करून बसलेला. शेळ्यावाला असेल, असं भूपेंद्रला वाटलं. शेळ्या मात्र दिसल्या नाहीत.

स्वप्नीलनं डबा उघडला. दीड पोळी कशीबशी खाल्ली. मग पोट धरून म्हणाला, "दादा, अजून एक घास खाल्ला तर उलटी होईल. तू खा ना ही अर्धी."

भूपेंद्रनं हात पुढं केला आणि मागं घेतला. शुगर. सकाळपासून तीन पोळ्या झाल्या होत्या, डॉक्टरनं दम दिला होता. सूर्य डोंगराला टेकलेला. सांगताना इथं तो थांबतो, दोन्ही वेळा थांबला. म्हणाला, "आबा, अर्धी पोळी होती. खाल्ली असती तर काय झालं असतं? एक गोळी जास्त."

तेवढ्यात तो माणूस बोलला. मान न वळवता.

"कोणा घरना रोट शे, भो?"

डब्यात काय आहे ते त्याला पाठमोऱ्याला कसं कळलं, हे तेव्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. स्वप्नीलनं सरळ घराचं नाव सांगितलं, आडनावासकट.

"माले देस का? भूक लागनी."

स्वप्नीलनं भावाकडं बघितलं. "देऊ का रे दादा?"

सूर्याची वरची कड तेवढी उरली होती. रोट उरला तर बाधतो, हे भूपेंद्रच्या हाडात मुरलेलं. परक्याला देऊ नये, हेही मुरलेलं. पण एक नियम मोडल्याशिवाय दुसरा पाळता येईना, आणि घाईत माणसाला समोरचाच नियम दिसतो.

"देई टाक," भूपेंद्र म्हणाला. "उशीर व्हई ऱ्हायना."

स्वप्नील टोकापर्यंत गेला, वाकला, पोळी दिली. त्या माणसानं खांद्यावरून मागं हात करून घेतली. खाताना आवाज आला नाही. सूर्य बुडाला. भूपेंद्रनं मनातल्या मनात कानबाईला हात जोडले आणि सुटलो म्हणाला.

सात वाजून वीस मिनिटांनी उतरायला लागले. भूपेंद्र मोबाईलचा टॉर्च लावून पुढं, स्वप्नील मागं. वर सप्तमीचा अर्धा चंद्र. भूपेंद्र बोलत होता. गाडीत पांघरूण घे, पोचल्यावर फोन कर, आईच्या मोतीबिंदूचं दिवाळीनंतर बघू. मागून "हां" येत होतं. फक्त "हां".

मुरमाची वाट संपली. झाडी लागली.

"पोट दुखतंय का रे?"

"हां."

"बसायचं का थोडं?"

मागून आवाज आला. अगदी मानेजवळ.

"चाल ना दादा. माय वाट देखी ऱ्हायनी."

भूपेंद्र दोन पावलं चालला. मग त्याच्या लक्षात आलं. स्वप्नील आठ वर्षांत असं बोलला नव्हता. कधीच नाही. थट्टेनं सुद्धा नाही.

आणि तेव्हाच वरून हाक आली. लांबून. खडकावरून.

"दादा... थांब ना... मी राहिलोय..."

हा आवाज स्वप्नीलचा होता.

भूपेंद्र थांबला. मागं वळायचं त्याला धाडस होईना. मानेवर कोणाचा तरी श्वास. गूळ-वेलदोड्याचा वास.

"चाल ना दादा..."

तो वळला. टॉर्च फिरवला.

कोणी नाही.

मग तो वर पळाला. पंचेचाळिशीचा माणूस, शुगरचा, मुरमावर चार पायांवर चढला. गुडघे फुटले. खडकावर पोचला. खडक रिकामा. टोकाला डबा तेवढा, झाकण लावलेला. त्यानं हाक मारली.

"स्वप्नील!"

"दादा..."

खालून. झाडीतून.

तो खाली धावला. झाडीत पोचला.

"दादा..."

वरून. खडकावरून.

किती वेळा चढला, किती वेळा उतरला, त्याला आठवत नाही. टॉर्च गेला. फोन गेला. अकराच्या पुढं चंद्रही गेला. जितकं जवळ जावं तितकाच आवाज लांब. ना एक हात कमी, ना एक हात जास्त. शेवटी तो वाटेवर बसला. लहान पोरासारखा रडला. पोलीस नाही, दिवा नाही, माणूस नाही. करणार काय? हाक मारायची, आणि ऐकायची.

"कुठं आहेस रे... सांग ना..."



मग...

"दादा... मला उठता येत नाहीये."

एवढंच. त्यानंतर काहीच नाही.

पहाटे साडेपाचला चिंधा नावाच्या शेळ्यावाल्याला तो पायथ्याशी सापडला. खरा शेळ्यावाला, शेळ्यांसकट. त्याच्या फोनवरून भूपेंद्रनं घरी लावलं. बायकोनं, दिपमालानं उचलला. भूपेंद्रला नीट बोलताही येईना. स्वप्नील... खडक... एवढंच.

दिपमाला म्हणाली, "अहो, ओरडताय काय? तुमचा फोन लागत नाही म्हणून आम्हीच काळजीत. भाऊजी रात्री साडेनऊला आले की. आईंनी दार उघडलं. गाडी नको म्हणाले, दमलो म्हणाले, जाऊन झोपले. अजून झोपलेत."

भूपेंद्र तिथं मातीतच बसला. हसला. चिंधाच्या पाया पडला. सगळा मनाचा खेळ, असं स्वतःला म्हणत दुचाकी काढली आणि घर गाठलं. दार लोटलं. ताईबाई स्वप्नीलच्या खोलीच्या उंबऱ्यात बसली होती, मोतीबिंदूचे डोळे भिंतीकडं लावून.

"हळू," ती म्हणाली. "झोपेल शे."

भूपेंद्र आत गेला. पलंगावर गोधडी उंचावलेली. त्यानं ती ओढली.

खाली कोणी नव्हतं. दिपमालानं त्याला येताना पाहिलं होतं का? पाहिलं होतं, पण पाठमोरं. लाईट लावू नको म्हणाला होता.

पुढं सगळं झालं. पोलीस आले, जंगल खात्याची माणसं आली, उडता कॅमेरा वरून फिरला. कड्याखाली दोर सोडून उतरले. तीन दिवस. चप्पल नाही, कपडा नाही, रक्ताचा थेंब नाही. भूपेंद्रनं पोळीचं सांगितलं तेव्हा साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि चहा मागवला. त्यांचं तरी काय चुकलं?

ताईबाई रडली नाही. रोज रात्री ती त्या खोलीत अंथरूण घालायची आणि दार लोटून घ्यायची. भूपेंद्रला वाटलं, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला. सव्वा वर्ष सोसलं त्यानं. एका रात्री मात्र त्याचा तोल गेला. त्यानं गादी, गोधडी, उशी सगळं उचलून गच्चीवर टाकलं, पलंग बाहेर काढला, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. आईवर ओरडला. जन्मात पहिल्यांदा. "त्या रात्री आला तो आपला नाही! कोणासाठी अंथरतेस?"

ताईबाई शांत होती. म्हणाली, "माले पहिल्याच रातले समजनं, भूपा. मी त्याना तोंडवरतीन हात फिरावा. मन्हा पोऱ्या नही तो."

मग ती म्हणाली,

"पन आपला रोट खादा त्यानी. आते घरना शे. याले आठे घरमा आपण नीट ठेवूत. म्हनजे तठे डोंगरवर स्वप्नीलले बी कोनी नीट ठेवी."

भूपेंद्र रात्रभर कुलपासमोर बसून होता. दार हललं नाही. आतून आवाज आला नाही. पहाटे त्यानं कुलूप काढलं. खोली रिकामी. खिडकी आतून बंद. डिसेंबरचा महिना, धुळ्याची थंडी तुम्हाला माहीत आहे, फरशीवर पाय ठेववत नव्हता.

तो आत गेला. दोन पावलं थंड. तिसरंही थंड.

मग खोलीच्या मधोमध... तो थांबला. खाली बसला. हात लावून बघत गेला.

फरशी कोमट होती. एका माणसाच्या अंगाएवढी. कडेनं हात फिरवला तर डोकं कुठं, पाय कुठं, सगळं कळत होतं. गुडघे पोटाशी घेऊन झोपलेला. बुटका.

भूपेंद्र उठला. गच्चीवर गेला, दवानं भिजलेली गादी उन्हाची वाट न बघता खाली आणली, आणि स्वतःच्या हातानं अंथरली.