दीड मीटरवरचा आवाज

त्या दिवशी माझं काम साधं होतं. ताईच्या पोशाखाचे पाठीवरचे हूक लावायचे, गरम पाण्याचा थर्मास जवळ ठेवायचा आणि कुणाच्या मध्ये यायचं नाही. तिसरं काम मला चांगलं जमतं.

पहिल्या लॉकडाउननंतरचा जून महिना होता. आइंडहोवनहून ब्रेडाला जाणाऱ्या गाडीच्या डब्यात आम्ही दोघंच होतो. एकाआड एका सीटवर चिकटपट्टीची फुली मारलेली. मास्कमुळे माझ्या चष्म्यावर सारखी वाफ धरत होती आणि मी तो सारखा पुसत होतो. पद्मजाताई खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिच्या मास्कखाली ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. तिला मार्चपासून आवाजच नव्हता.

ताई ऑपेरात गाते. आमच्या घरात कोणी गाणारं नाही. पुण्यात कॅम्पातल्या एका पारशी बाईंकडे ती पियानो शिकायला गेली आणि बाईंनी तिला गायला लावलं. मग तिचं जयेशभावोजींशी लग्न झालं. ते आइंडहोवनला कॉम्प्युटर चिप्सच्या कारखान्यात इंजिनियर आहेत. ताई त्यांच्या व्हिसावर तिकडे गेली, आणखी शिकली आणि एका ऑपेरा कंपनीच्या कोरसमध्ये लागली. आठ वर्षं मागच्या रांगेत उभी राहिली.

तिचा आवाज मेझो, म्हणजे बायकांच्या आवाजात मधला. वरचा तो सोप्रानो. टेनर आणि बास हे पुरुषांचे, वरचा आणि खालचा. "सोप्रानो मरते, टेनर रडतो, बास शाप देतो आणि मेझो चहा आणते," असं ती मला सांगायची. मग हसणं संपलं की म्हणायची, "सोप्रानोचं पंचविशीत ठरतं रे. बासचं चाळिशीनंतरही होतं. मेझोला मध्येच एकदा दार उघडतं, तेही अर्धं."

ते दार तिला अडतिसाव्या वर्षी उघडलं होतं. एका छोट्या ऑपेरात आईची भूमिका. मुलगा समुद्रात बुडालेला असतो आणि आई बांधावर उभी राहून त्याला हाका मारते. शेवटी तो उत्तर देतो, आणि तेच उत्तर तिला नको असतं. एवढीच गोष्ट. ती बघायला मी फेब्रुवारीत पर्यटक व्हिसावर गेलो. मी दहावीनंतर शाळा सोडली, सायकली दुरुस्त करतो, माझं पासपोर्टचं सगळं भावोजींनीच केलं होतं. मार्चमध्ये सगळं बंद झालं, विमानं थांबली आणि मी तिथेच अडकलो. त्याच आठवड्यात ताई आजारी पडली.

ताप उतरला, खोकला गेला. आवाज मात्र परत आला नाही. डॉक्टर फोनवर म्हणाले, वाट बघा. ती दिवसभर वरच्या खोलीत पडून असायची आणि मी पायरीवर बसायचो. तिच्याजवळ त्या दिवसांत एकच वाक्य उरलं होतं.

"यती... गरम पाणी दे ना थोडं."

वाळक्या पानावर कुणी हलकेच पाय ठेवावा तसा तो आवाज होता. घशातून आल्यासारखा नाही, दातांच्या मागून आल्यासारखा. पण होता तिचाच.

जूनमध्ये कंपनीने ठरवलं की रिकाम्या नाट्यगृहात प्रयोग करायचा आणि तो ऑनलाइन दाखवायचा. ताईने नाही म्हटलं असतं तर भूमिका गेली असती, बहुतेक कायमची. मग व्यवस्थापक रुल याने मार्ग काढला. ऑपेरात ही जुनी रीत आहे. गायकाचा आवाज बसला तर तो नुसता अभिनय करतो, ओठ हलवतो, आणि दुसरा कोणी रंगमंचाच्या कडेला उभा राहून त्याचं गाणं गातो. ताईसाठी कोरी गाणार होती.

कोरी साठीची होती, तीही मेझो. तिचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या भूमिका पाठ करून विंगेत बसण्यात गेलं होतं. कोणी आजारी पडलं तर लागेल म्हणून. तालमीच्या दिवशी ती स्टुलावर बसून विणकाम करत होती. निलगिरीच्या गोळीचा वास येत होता. माझ्याकडे बघून ती सावकाश इंग्रजीत बोलली, मला कळावं म्हणून.

"तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या तोंडातून गायले. बिलात माझं नाव असतं, फोटोत नसतं."

ती हसली, म्हणून मीही हसलो. मग ती ताईकडे वळली. "नुसते ओठ हलवू नकोस. श्वास पूर्ण घे. मी गाईन. पण मनातल्या मनातसुद्धा गुणगुणायचं नाही. तुझा आवाज दाराबाहेर ठेवून ये. एका तोंडात दोन मावत नाहीत."

ताईने मान डोलावली.

प्रयोग दुपारी होता. बाहेर लख्ख ऊन होतं आणि कालव्याच्या कडेला पोरं पाय सोडून बसली होती. आत आलो आणि मागे दार लागलं, तसा उजेड संपला. जुन्या मखमलीचा आणि सॅनिटायझरचा वास एकमेकांत मिसळला होता. कोणाची कोणाशी गाठ पडू नये म्हणून प्रत्येक गायकाला वेगळं दार आणि वेगळी वेळ दिली होती. जमिनीवर सगळीकडे दीड मीटरच्या पट्ट्या. ताईला हात लावायची परवानगी फक्त मला होती, कारण आम्ही एका घरातले. भावोजींना कारखान्यात जावंच लागायचं, म्हणून ते आले नव्हते.

मी हूक लावले. तिची पाठ थंडगार होती.

"भीती वाटते का?" मी विचारलं.

"तू गप्प बस, दहावी पास," ती कुजबुजली. तेवढ्यात तिला हसू आलं आणि ते हसूही बिनआवाजाचं होतं.

डाव्या विंगेपाशी कोरीसाठी टेलिफोनच्या बूथसारखा खोका केला होता. पुढून आणि बाजूंनी प्लास्टिकची काच, मागे काळा पडदा, आत स्टँड, त्यावर छोटा दिवा आणि माइक. ती मागच्या दाराने सरळ त्यात येणार होती. मी उभं राहायची फुली त्याच्या शेजारीच होती. दिवा लागलेला होता. रुल मागच्या नियंत्रण खोलीत होता. त्याने दिवा पाहून हिरवी खूण दिली आणि वाद्यं सुरू झाली.

ताई बांधावर आली. तिने श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि आवाज आला.

मला गाण्यातलं कळत नाही. पण आई मेलेली असताना कोणी तिचा आवाज काढावा आणि पोराने धावत दारात यावं, असं काहीतरी त्या आवाजात होतं. भरलेला, खालचा, काळोख्या पाण्यासारखा.  निलगिरीचा वास आला. मी हळूच बूथकडे बघितलं.

काचेवर तोंडाच्या उंचीला वाफेचा एक गोल धरला होता. आवाज चढला की तो मोठा व्हायचा, थांबला की आक्रसायचा. आधी मला त्यात काही वाटलं नाही. मग मी माझा चष्मा पुसला आणि नीट पाहिलं.

वाफेच्या मागे कोणी नव्हतं.

स्टँडवरची वही मिटलेली होती. स्टूल रिकामं. काळा पडदा सरळ लटकत होता. ताईने श्वास घेतला की काचेवरचा गोल पुसट व्हायचा, तिने तोंड उघडलं की भरून यायचा. मला ओरडायचं होतं, पण समोर कॅमेरे होते आणि आयुष्यात पहिल्यांदा ताई पुढच्या रांगेत होती. मी थर्मास छातीशी धरून उभा राहिलो. शेवटी बुडालेल्या मुलाने उत्तर दिलं, आई किंचाळली, आणि रिकाम्या सभागृहात ती किंचाळी खुर्च्यांवरून फिरून परत आली. टाळ्या नव्हत्या. बूथमधला दिवा आपोआप विझला.

मी हूक काढत असताना रुल ड्रेसिंगरूमच्या दाराशी आला. डोळे लाल झालेले, फोन हातात.

"कोरी काल रात्रीपासून आयसीयूत आहे. तिच्या घशात नळी आहे. तिच्या मुलीने आत्ता कळवलं." त्याने फोन खाली घेतला. "म्हणजे पद्मा... ते तू गायलीस. तुझा आवाज आला!"

त्याच्या मागून आवाजाचं काम बघणारा माणूस म्हणाला, "हिचा माइक मात्र बंद राहिला असावा. सगळं बूथच्या माइकवर आलंय. तेवढं नशीब."

ताई आरशातून माझ्याकडे बघत होती. तिने ओठांवर बोट ठेवलं.

परतीच्या गाडीत ऊन तिरपं आत आलं होतं. डबा तसाच रिकामा. ताई माझ्यासमोर बसली होती, मास्क हनुवटीवर ओढलेला. तिने ओठ हलवले.

"यती."

हाक तिच्या तोंडातून आली नाही. तिच्या डावीकडे, वाटेपलीकडच्या सीटवरून आली. ज्या सीटवर फुली होती त्या. गोल, खालचा, ऊबदार आवाज. मी तिकडे वळून पाहिलं. ताईनेही पाहिलं. मग तिने मास्क नाकावर ओढून घेतला.

ती लपवायला शिकली. डावीकडे भिंत येईल अशी बसायची. बाहेर मास्क असायचाच, कोणाला काय कळणार? भावोजी एकदा म्हणाले, "काय गं, तुझा आवाज हल्ली सराउंड साउंड झालाय!" आणि परत लॅपटॉपकडे वळले. प्रयोगाची चर्चा झाली. दोन मोठ्या कंपन्यांनी ताईला विचारलं.

जुलैअखेर कोरीला एका शुश्रूषागृहात हलवलं. भेट बागेतून, बंद काचेच्या पलीकडूनच. पाऊस पडून गेला होता, हवा थंड होती. कोरी चाकांच्या खुर्चीत बसली होती. अर्धी झाली होती. गळ्याला भोक पाडून त्यावर पांढरी जाळी लावलेली. ती त्यातूनच श्वास घेत होती.

तिने ताईला पाहिलं आणि ओठ हलवले. काचेमागून काही ऐकू येणं शक्य नव्हतं. पण ताईच्या डावीकडून, दीड मीटरवरून, आवाज आला. डचमध्ये. शांत, छोटासा प्रश्न. मला शब्द कळले नाहीत. ताईला कळले.

कोरीने तळहात काचेला लावला.

ताईने त्या तळहाताकडे पाहिलं. मग तिने मान हलवली. नाही.

कोरीच्या तोंडासमोर काच स्वच्छ होती. वाफ धरली होती ती आमच्या बाजूने. ताईच्या डावीकडे, जिथे कोणीच उभं नव्हतं.

फाटकापाशी मी म्हणालो, "ताई, देऊन टाक तिचं तिला."

"आणि मी काय करू?" कुंपणाच्या झुडपातून आवाज आला. ताई पुढे बघत चालत होती. "परत उघडतं का दार?"

"तुझा स्वतःचा येईल ना."

ती थांबली. 

"तो कुठे आहे, यती?"

ऑगस्टमध्ये मला विमान मिळालं. ऑक्टोबरात कोरी गेली. ताईने फोनवर ते एका वाक्यात सांगितलं आणि पुढच्या भूमिकेबद्दल बोलायला लागली. मला वाटलं होतं, कोरीबरोबर आवाजही जाईल. तो गेला नाही.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात तिकडचा दीड मीटरचा नियम उठला. त्या दुपारी मी येरवड्याच्या माझ्या खोलीत जेवून आडवा झालो होतो. ताईचा व्हिडिओ कॉल आला. ती स्वयंपाकघरात उभी होती, चेहरा उजळलेला. आवाज तिच्या तोंडातून येत होता. अगदी तोंडातून, ओठांबरोबर.

"बघ, बसला आत," ती म्हणाली. "आता काही भीती नाही."

मला बरं वाटलं. खरंच वाटलं. पण ती हसली तेव्हा हसण्याचा आवाजही साठीतल्या बाईचा होता, आणि तिच्या हातात विणायच्या सुया होत्या. ताईला कधी विणता येत नव्हतं.

मी फोन पालथा ठेवला. खोलीत पंखा फिरत होता. खाली दुकानात पोरगा चाकाची हवा भरत होता. आणि माझ्या डावीकडे, खाटेच्या पलीकडे, वाळक्या पानावर कुणी हलकेच पाय ठेवला.

"यती... गरम पाणी दे ना थोडं."

मी उठलो आणि पाणी तापवलं. दुसरं काय करणार? माझी ताई आहे ती.

तेव्हापासून रोज दुपारी स्टीलचा पेला भरून तिथे ठेवतो. "ताई, घरी जा," असं सुरुवातीला सांगून पाहिलं. उत्तर येत नाही. पाणी कमी होत नाही. पेल्याच्या वरच्या कडेला वाफ तेवढी धरते, पाणी पार गार झाल्यावरही. आधी पेला खाटेच्या पलीकडे ठेवायचो. हल्ली हाक जवळून येते, म्हणून अलीकडे ठेवतो.

काल पेला ठेवायला वाकलो तेव्हा माझ्या चष्म्यावर वाफ धरली. तोंडाला मास्क नव्हता. आणि मी श्वास रोखून धरला होता.